मदत हवी आहे: टेट्रालॉजी ऑफ फॅलो आणि आडवी गेलेली कोरोनरी

नमस्कार मंडळी. माझ्या भाचीला टेट्रालॉजी ऑफ फॅलो आहे, म्हणजे हृदयाचा जन्मजात दोष, ज्यात फुफ्फुसांकडे रक्त जाण्याच्या वाटेत अडथळा असतो. सीटी अँजिओत (रक्तवाहिन्यांच्या स्कॅनमध्ये) दिसलं की तिची एलएडी, म्हणजे हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणारी धमनी, उजव्या कोरोनरीतून (हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या उजव्या धमनीतून) निघून, नेमकी जिथे हा अडथळा मोकळा करायला चीर देऊन पॅच लावतात तिथूनच आडवी जाते. ती कापली गेली तर हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठाच तुटेल. एक सर्जन कॉन्ड्युट सुचवतात, म्हणजे अडथळ्याला वळसा घालून फुफ्फुसांकडे रक्त नेणारी नळी. पण ती नळी मुलीबरोबर वाढत नाही, पुढे बदलावी लागते. दुसरे म्हणतात, उजव्या कर्णिकेतून (हृदयाच्या वरच्या कप्प्यातून) आणि फुफ्फुसधमनीतून आत जाऊन अडथळा काढू, एलएडीला हात लावायला नको. मला हे पटतं, पण अडथळा पुरेसा निघेल ना, ही धास्ती आहे.

कुणाच्या मुलावर यातली शस्त्रक्रिया झाली आहे का? कॉन्ड्युट किती वर्षं टिकला? मुंबई-पुण्यात तिसरं मत कुणाचं घ्यावं? ताई फार घाबरली आहे, कृपया लवकर कळवा.