मदत हवी आहे: फलकावर 'भामटा' लिहू की नको?

जुळे_सोलापूरकर: उद्या सकाळी फलक छापायला टाकायचाय, लवकर सांगा. 'भामट्यांपासून सावध राहा' असा मजकूर आहे. एकजण हटून बसलाय, शब्द बदला म्हणून. भामटा म्हणजे फसवणारा, चोरच ना? मग अडचण काय? नसेल चालत तर दुसरा शब्द द्या.

सात_रस्ता: फलक कसला? लागणार कुठं?

निवृत्त_खाकी: शिक्षा होईपर्यंत माणूस आरोपी, दोषी ठरला की गुन्हेगार. सराईत म्हणजे ज्याच्यावर आधीचे गुन्हे आहेत तो. तडीपारी महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ५५ ते ५७ खाली होते.

जुळे_सोलापूरकर: काका, तडीपार कुणाला करायचं नाहीये. एटीएमजवळ लावायचाय. फोन करून ओटीपी मागतात ना, त्यांच्याबद्दल.

सात_रस्ता: मग शब्दाचं सोडा, १९३० नंबर लै मोठा छापा. पैसे गेले की लगेच तिथं फोन करायचा. आमच्या मामांची रक्कम त्यानंच अडवली गेली.

सेटलमेंटची_लेक: हटून बसलेल्या माणसाचं ऐका. भामटा आणि राजपूत भामटा या दोन्ही जाती राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत आहेत. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं अख्ख्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. आपल्याच गावात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं होतं, हजेरी द्यावी लागायची. त्या वस्तीला सेटलमेंट हे नाव त्यातूनच पडलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला. शिवी मात्र राहिली. एखाद्या पोरानं दाखल्यावर जी जात लिहायची, तीच एटीएमच्या भिंतीवर चोर म्हणून वाचायची का?

बातमीवाला_सोलापूर: मथळ्यात हा शब्द रोज येतो ताई. लिहिणाऱ्याच्या मनात जात नसते. असे शब्द गाळत बसलो तर भाषेत उरणार काय?

सेटलमेंटची_लेक: वाचणाऱ्याच्या मनात असते. चोरटा, लुबाडणारा, गंडवणारा, एवढे शब्द पडलेत. त्यातला घ्या की.

बार्शीचा_मास्तर: ठग लिहा, सुटसुटीत आहे.

निवृत्त_खाकी: फोनवाला स्वतःला कोण म्हणवतो?

जुळे_सोलापूरकर: बँकेचा साहेब म्हणवतो. ते लिहायचं राहिलं वाटतं.

निवृत्त_खाकी: मग तो तोतया. 'तोतया बँक अधिकाऱ्यांपासून सावध! ओटीपी कुणालाही सांगू नका.' खाली १९३०.

सेटलमेंटची_लेक: हे नेमकं आहे.

जुळे_सोलापूरकर: हेच टाकतो. आभार सगळ्यांचे.

सात_रस्ता: तेलुगू आणि कन्नडमध्येपण छापा, पूर्व भागात लागणार असेल तर. कुठलं एटीएम ते अजून सांगितलं नाही तुम्ही.