मदत हवी आहे : सगळं सोडलं, तरी अंग सुधरून काऊन नाही राहिलं?

पऱ्हाटीवाला
नमस्कार मंडळी. जरा लवकर सांगा. दिवाळीले पुण्याहून गावी आलो अन् सगळं एकदम बंद केलं. वाटलं, आठवडाभरात मोकळा होईन. पण रात्रभर झोप नाही, घाम सुटते, हात थरथरते, जेवण पाहूनच मळमळते. आई म्हणते कावीळ असंल. बाबा म्हणते वेचणी आली की याचं दुखणं निघते. कशातच मन नाही लागून राहिलं. अंगातली घाण लवकर काढाचं औषध असंल तर नाव सांगा. ज्ञान नोको, ते घरी फुकट भेटते.

संत्रानगरी
सगळं म्हणजे काय बावा? बिडी का ब्राऊन शुगर?

पऱ्हाटीवाला
सगळं म्हणजे सगळं. समजणाऱ्याले समजलं.

काढेवाले काका
अनशापोटी गुळवेलीचा काढा, वरून आवळ्याचा रस. यकृत धुऊन निघतं. मी स्वतः घेतो, सत्तरीत आहे, चष्मा नाही.

मोझरीचा वारकरी
दादा, गुरुकुंजात, तुकडोजी महाराजांच्या आश्रमात जाऊन या. रोज सामुदायिक प्रार्थनेला बसा. माझ्या साळ्याची दारू अशीच सुटली.

संत्रानगरी
चष्म्याचा काय संबंध काका?

सिस्टर यवतमाळ
घाण धुऊन काढणारं औषध नसतं, ते काम यकृत आणि किडन्याच करतात. पऱ्हाटीवाला भाऊ, काय काय घेत होतास ते नावानिशी लिही. त्याशिवाय कोणीही काहीही सांगितलं तरी तो अंदाजच.

पऱ्हाटीवाला
गांजा रोजचा. एमडी, म्हणजे मेफेड्रोनची पावडर, आधी शनिवार-रविवार, मंग मधातल्या दिवशीही. बस. आता सांगा किती दिवस.

सिस्टर यवतमाळ
गांजा सोडला की चिडचिड, घाम, भूक मरणं, झोप उडणं, विचित्र स्वप्नं हे होतंच. पहिला आठवडा सगळ्यात वाईट, दोन-तीन आठवड्यांत बरंच निवळतं, झोपेला जास्त वेळ लागू शकतो. एमडीचं वेगळं. आधी माणूस नुसता झोपतो आणि खातो, मग मन रिकामं पडतं. आवडीचं जेवण, क्रिकेट, दोस्त, सगळं बेचव. ते आठवडेच्या आठवडे, कधी महिने चालतं, पण परत येतं. तू आळशी झाला नाहीस, हे बाबांनाही कोणीतरी सांगायला हवं. मात्र हात थरथरणं मला खटकतंय. दारू होती का?

भरतीवाला ९९
सिस्टर, गांजा लघवीत किती दिवस दिसते? मित्रासाठी विचारतो. पोलीस भरती आहे.

संत्रानगरी
मित्राले म्हणा मैदानावर धाव.

माजी गडी
मी यातून गेलोय म्हणून सांगतो, घरी राहून कोणाचं सुटत नाही. सरळ व्यसनमुक्ती केंद्रात भरती व्हा. तीन महिने मोबाईल बंद, दोस्त बंद.

वर्धेकर
कोणत्या केंद्रात? आमच्या भाच्याला एका ठिकाणी टाकलं होतं, तिथं पट्ट्यानं मारलं. बाहेर आल्यावर दुप्पट प्यायला लागला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात व्यसनातून येणारे मानसिक त्रासही आजार म्हणून धरलेत. आजारी माणसाला कोणी मारतं का?

माजी गडी
एक केंद्र वाईट म्हणून सगळी वाईट का? मला तिथंच माणसं भेटली, अजून फोन करतात.

वर्धेकर
करत असतील. पण आधी डॉक्टर. नुसतं कोंडून ठेवणं म्हणजे उपचार नाही.

काढेवाले काका
दारूबंदीचंही तेच. वर्ध्यात बंदी, आणि पिणारे पितातच. चंद्रपूरची २०१५ ला केली, २०२१ ला उठवली...

पऱ्हाटीवाला
दारू नाही हो सिस्टर. अन् मंडळी, भांडण दुसरीकडं करा. एमडी उतरल्यावर झोप याले अल्प्राझोलामच्या गोळ्या घेत होतो, पण ते तं औषध आहे, मेडिकलमधूनच आणत होतो. तेही बंद केलं. तंबाखू-सुपारीचा खर्रा मात्र चालू आहे, त्याचं काही होते काय?

सिस्टर यवतमाळ
खर्रा राहू दे बाजूला. गोळ्या रोज होत्या? किती महिने?

पऱ्हाटीवाला
रोजच. वर्षाच्या वर असंल. शेवटी शेवटी दोन-तीन एकदम.

सिस्टर यवतमाळ
हीच गोष्ट सगळ्यात आधी सांगायची होती. या गोळ्या वर्षभर रोज घेऊन एकदम सोडल्या की झटके येऊ शकतात. त्या डॉक्टर हळूहळू उतरवतात. आपल्या मनानं परत सुरूही करू नकोस. आजच यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात जा. एकटा गाडी चालवत जाऊ नको, कोणाच्या तरी मागं बस. झटका आला, भ्रम झाला, तर १०८. घरच्यांना सांगून ठेव, झटक्यात तोंडात काही कोंबायचं नाही, कुशीवर वळवायचं.

काढेवाले काका
मग गुळवेल सध्या राहू द्या.

पऱ्हाटीवाला
डॉक्टर पोलिसायले सांगन तं? गावात सगळ्यायले माहीत होईन.

वर्धेकर
अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात ६४अ कलम आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात, सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यातून सूट मिळते. बाकी गावाचं म्हणशील तर गाव आत्ताही बोलतच असेल.

सिस्टर यवतमाळ
आणखी एक, सरळ विचारते. जीव द्यायचा विचार येतो का? फवारणीचं औषध कुठं ठेवता?

पऱ्हाटीवाला
कधी कधी येते. रात्री. औषध गोठ्यात राहते.

सिस्टर यवतमाळ
सांगितलंस ते फार बरं झालं. ते डबे आत्ताच शेजाऱ्याकडं नाहीतर काकाकडं हलवायला सांग, कुलपात. तू स्वतः हात लावू नको. १४४१६ हा टेली मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. आज रात्री खोलीत एकटा झोपू नको.

मोझरीचा वारकरी
दादा, गाव कोणतं ते खासगीत कळवा. मी दिग्रसला आहे, चारचाकी आहे. प्रार्थनेचं मागून पाहू.

पऱ्हाटीवाला
कळवलं. मोठ्या काकाले सांगतो, बाबाले नाही. उद्या सकाळी निघालो तं चालन काय?

सिस्टर यवतमाळ
उद्या नाही, आज. ओपीडी सुटली असेल तर अपघात विभाग. गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत घे, कुठली आणि किती मिलिग्रॅमची होती ते त्यावर असतं. एमडीचंही लपवू नको.

भरतीवाला ९९
लघवीचं सांगा न कोणी.