उबुंटू ऑटोइन्स्टॉल: फाइल तयार आहे, तरी इन्स्टॉलर भाषा विचारत थांबतो

रॅक_केबल
नमस्कार मंडळी. एकसारखे १२ रॅक सर्व्हर आहेत. प्रत्येकात ओएससाठी ४८० जीबीची एसएसडी आणि डेटासाठी ४ टीबीची हार्ड डिस्क. सगळ्यांवर उबुंटू सर्व्हर २२.०४ टाकायचं आहे. एकावर हाताने इन्स्टॉल केलं, व्हार/लॉग/इन्स्टॉलर मधली ऑटोइन्स्टॉल-यूझर-डेटा फाइल (इन्स्टॉलरच्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहिलेली) उचलली, यूझर-डेटा नावाने वेब सर्व्हरवर ठेवली आणि दुसरं मशीन पीएक्सईने, म्हणजे नेटवर्कवरून, बूट केलं. ग्रबच्या (बूट मेनूच्या) ओळीत वेब सर्व्हरचा पत्ता दिला आहे. तरी भाषा निवडायच्या पडद्यावरच थांबतं, आणि वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये फाइल मागितल्याची नोंदच नाही. कुठे बघू?

कर्नल_ओळ
नोंदच नाही म्हणजे पत्ता कर्नलपर्यंत (लायनक्सच्या गाभ्यापर्यंत) पोचलेला नाही. ग्रबमध्ये अर्धविरामाला कमांड संपते. 'डीएस=नोक्लाउड-नेट' नंतरच्या अर्धविरामापुढचं सगळं, म्हणजे तुमचा पत्ताच, तो टाकून देतो. तो अख्खा भाग अवतरणचिन्हांत घाला. खात्रीसाठी इन्स्टॉलरच्या हेल्प मेनूतून शेल उघडून प्रॉकखालची सीएमडीलाइन (कर्नलला मिळालेली ओळ) वाचा. पत्ता तिथे दिसलाच पाहिजे.

पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ हवी, कारण फाइलचं नाव त्यालाच जोडलं जातं. शेजारी मेटा-डेटा नावाची फाइलही ठेवा. रिकामी चालते, नसलेली चालत नाही.

त्याच ओळीत 'ऑटोइन्स्टॉल' हा शब्दही सुटा लिहा. तो नसेल तर फाइल वाचली जाते, पण डिस्कला हात लावण्याआधी इन्स्टॉलर 'येस' टाइप करायला सांगतो. विसरून राहिलेल्या पेन ड्राइव्हने चालू मशीन पुसू नये म्हणून ही सोय आहे, आणि ती योग्यच आहे.

डिस्कवाले
हे सुटल्यावर पुढची अडचण स्टोरेजची येणार. इन्स्टॉलरने जपलेल्या फाइलीत पहिल्या मशीनच्या डिस्कचा सीरियल नंबर असतो. दुसऱ्या मशीनवर तो जुळत नाही आणि इन्स्टॉल तिथेच पडतं. म्हणून तो अख्खा स्टोरेज भाग काढा आणि 'लेआउट'खाली (डिस्कची तयार मांडणी) फक्त नाव एलव्हीएम द्या; त्यात डिस्कची जागा एका साठ्यात घेऊन हवी तशी वाटता येते.

पण तेवढ्यावर थांबू नका! 'मॅच' (कोणती डिस्क घ्यायची याची अट) दिला नाही तर लेआउट सर्वांत मोठी डिस्क उचलतो. तुमच्याकडे ती ४ टीबीची डेटा डिस्क. मॅचखाली 'एसएसडी: ट्रू' लिहा. एसएसडी रेड कार्डामागे (अनेक डिस्क एकत्र सांभाळणारं कार्ड) असेल तर लायनक्सला ती फिरती डिस्क वाटू शकते. एलएसबीएलके या डिस्कची यादी दाखवणाऱ्या कमांडच्या 'रोटा' रकान्यात ० नसून १ दिसला तर त्याऐवजी 'साइझ: स्मॉलेस्ट' वापरा.

आणखी एक: २०० जीबीहून मोठ्या डिस्कवर रूटला (ओएसच्या मुख्य भागाला) १०० जीबीच मिळतात, उरलेली जागा व्हॉल्यूम ग्रुपमध्ये, म्हणजे एलव्हीएमच्या साठ्यात, मोकळी राहते. स्नॅपशॉटसाठी (त्या क्षणाची प्रत जपण्यासाठी) ते बरं. सगळी जागा हवी असेल तर 'सायझिंग-पॉलिसी: ऑल'.

रॅक_केबल
अर्धविरामच होता, आता फाइल उचलली जाते. स्टोरेजही बदलतो. होस्टनेम (मशीनचं नाव) बाराही ठिकाणी एकच पडेल, त्याचं काय करायचं?

कर्नल_ओळ
मॅक पत्त्याच्या (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) नावाने १२ फोल्डर करा, प्रत्येकात स्वतःची यूझर-डेटा आणि मेटा-डेटा. ग्रबमध्ये बूट झालेल्या कार्डाचा मॅक व्हेरिएबलमध्ये मिळतो, तो पत्त्यात घातला की मेनू सगळ्यांना एकच पुरतो. जपलेल्या फाइलीतला नेटवर्क भागही तपासा. स्थिर आयपी दिला असेल तर तोच बाराही मशीनवर जाईल.

फोल्डर स्क्रिप्टने बनवणार असाल तर पासवर्डचा हॅश (त्याचं सांकेतिक रूप) जपा. तो डॉलर चिन्ह, ६, पुन्हा डॉलर असा सुरू होतो. अवतरणाशिवायच्या हिअरडॉकमध्ये (स्क्रिप्टमध्येच लिहिलेला फाइलचा मजकूर) शेल त्याला व्हेरिएबल समजून गिळतो. इन्स्टॉल नीट पार पडतं आणि लॉगिन होत नाही. शिवाय हा हॅश साध्या एचटीटीपीवरून जातो, तेव्हा काम झालं की वेब सर्व्हर बंद करा. एसएसएच (दुरून लॉगिन) भागात 'अलाउ-पीडब्ल्यू: फॉल्स' करून पासवर्डऐवजी फक्त की ठेवा.