विषय: वायर फॉरेस्टमधली झाडतोड – हरकतीचं पत्र?

नमस्कार मंडळी,
रविवारी ब्यूडलीजवळच्या वायर फॉरेस्टमध्ये गेलो होतो. डाऊल्स ब्रूकच्या काठाने जाताना ओकची झाडं पार बुडापासून कापलेली, ओंडके रचून ठेवलेले. हे राष्ट्रीय राखीव वन ना? मंडळातर्फे हरकत घ्यायची का? सह्या मी गोळा करते.
– नीता

नीता,
सह्या जरा थांबव. आपण देवराया बघत वाढलो, वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही हे डोक्यात पक्कं. इथला हिशेब वेगळा. इंग्लंडमध्ये प्राचीन वन म्हणजे जिथे १६०० सालापासून सलग झाडोरा आहे ती जमीन. कुऱ्हाड लागलीच नाही असं कुणी म्हणत नाही. वायरचा ओक तर शतकानुशतकं बुडातून तोडायचे आणि पुन्हा फुटू द्यायचे. कोळसा लोखंडाच्या भट्ट्यांना, साल कातडी कमावायला.

तोडलेल्या जागी ऊन पोचलं की रानटी व्हायोलेट उगवते. पर्ल-बॉर्डर्ड फ्रिटिलरी नावाचं नारिंगी फुलपाखरू आहे, त्याच्या अळ्या तिच्यावरच जगतात. पुढे कोळशाला गिऱ्हाईक राहिलं नाही, रान दाटलं, खाली सावली झाली, आणि इंग्लंडच्या बऱ्याच भागांतून हे फुलपाखरू गेलंच. वायरमध्ये अजून टिकून आहे. म्हणून आता मुद्दाम तोडतात, एकेका तुकड्यात, पाळीपाळीने.

रागच करायचा तर १८६२ साली जे घडलं त्याचा कर. १६७८ मध्ये नोंद झालेलं सॉर्बचं (नासपतीसारखी छोटी फळं येणारं) एक दुर्मिळ झाड त्या रानात होतं. मॅजिस्ट्रेटवरचा डूख म्हणून एका चोरट्या शिकाऱ्याने ते जाळलं, असं सांगतात. त्याच्याच वंशातलं रोप नंतर तिथे लावलं, हे त्यातल्या त्यात बरं.
– अरुणकाका

काका, पत्र रद्द! मे महिन्यात सगळ्यांना फुलपाखरं दाखवायला न्याल का? आमचा ब्रूनो आला तर चालेल?
– नीता

नेतो की. ऊन असेल तोच दिवस धरू, ढगाळ हवेत ती उडत नाहीत. ब्रूनो चालेल, पण पट्ट्याला बांधून. त्याच मोकळ्या जागांत ॲडर ऊन खात पडलेला असतो. ब्रिटनमधला हा एकमेव विषारी रानसाप, आपल्या घोणशीच्या कुळातला. आपणहून अंगावर येत नाही, पण कुत्र्यांना नाक खुपसायची खोड. आणि हो, त्याला मारणं १९८१ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे काठी घेऊन येणाऱ्यांना आधीच सांगून ठेव. पायात बूट हवेत, सँडल नकोत.
– अरुणकाका