जपानी म्युझिक व्हिडिओंसाठीचं खरं अवॉर्ड कुठलं?

कोवळंऊन: गेलं वर्षभर जपानी गाण्यांचे व्हिडिओ सपाटून बघतेय. पण अवॉर्डांचा काही मेळ लागत नाही, एक एमटीव्हीचं, एक स्पेस शॉवरचं, वर रेकॉर्ड अवॉर्ड वेगळंच. यातलं खास व्हिडिओसाठीचं कुठलं? मला गाणं कोणी गायलं यापेक्षा ते शूट कसं केलंय यात जास्त इंटरेस्ट आहे.

दीपस्तंभ: रेकॉर्ड अवॉर्ड बाजूला ठेवा, ते १९५९ पासूनचं आणि मानाचं आहे पण गाण्यासाठी. एमटीव्ही जपानचा सोहळा २००२ ला सुरू झाला, अमेरिकेतल्या एमटीव्हीच्या व्हीएमएच्या, म्हणजे व्हिडिओ म्युझिक अवॉर्ड्सच्या धर्तीवर. स्पेस शॉवर मात्र तिथलंच म्युझिक चॅनल, १९८९ चं, आणि त्यांचे व्हिडिओ अवॉर्ड्स १९९६ पासूनचे, म्हणजे एमटीव्हीच्याही आधीचे. तुम्ही तिथूनच सुरुवात करा. २०१६ ला त्यांनी नावातून 'व्हिडिओ' काढून नुसतं म्युझिक अवॉर्ड्स केलं, ते मला अजूनही पटलेलं नाही.

रातकिडा: +१. सुरुवात साकानॅक्शन या जपानी बँडच्या बाखवाल्या गाण्यापासून करा (नावातच संगीतकार बाख आहे), २०१२ ला स्पेस शॉवरचा बेस्ट व्हिडिओ तोच होता, डायरेक्टर तानाका युसुके. गायकाच्या दोन्ही बाजूंना अगदी त्याच्यासारखेच पुतळे आहेत आणि ते त्याला जोडलेले, त्यामुळे तो हलला की अख्खी रांग हलते. आयडिया एवढीच, पण नजर हटत नाही. आणि हो, तिकडे आधी याला पीव्ही म्हणायचे, प्रमोशन व्हिडिओ, म्हणजे सीडी खपवायची जाहिरातच. आता सगळे एमव्ही म्हणतात, म्युझिक व्हिडिओ. अशा अवॉर्डांमुळे डायरेक्टरचं नाव लोकांना कळायला लागलं, माझ्यासाठी हीच त्यांची सगळ्यात मोठी कमाई.

दीपस्तंभ: एमटीव्हीचं एक वर्ष मात्र चुकवू नका, २०११. मार्चमध्ये भूकंप आणि त्सुनामी झाली, तर जूनमध्ये टोकियोजवळच्या माकुहारी मेस्से या मोठ्या हॉलमध्ये जो सोहळा झाला त्याच्या नावात 'अवॉर्ड्स'च्या जागी 'एड' आलं, तो मदतीसाठी केला होता. लेडी गागा आली होती. टोकियोच्या पत्रकार परिषदेत ज्या कपातून ती चहा प्यायली त्याच्यावर तिने जपानसाठी प्रार्थनेचा संदेश लिहिला, काठावर लिपस्टिकचा ठसा तसाच, आणि पुढच्या वर्षी तो कप लिलावात ६० लाख येनच्या वर गेला.

कोवळंऊन: साकानॅक्शनवाला आत्ताच तीनदा बघितला!! तिसऱ्यांदा फक्त पुतळ्यांचे पाय बघितले. तानाकांचं अजून काय बघू?