‘क्लस्टरिंग’: वर्गीकरण की गटबांधणी? आणि त्याचा भरवसा?

धरमपेठकर: संख्याशास्त्राच्या पोरांसाठी मराठीत टिपणं काढून राहिलो. ‘क्लस्टरिंग’ला, म्हणजे एकमेकांसारख्या नोंदींचे आपोआप गट पाडण्याला, बरेच जण ‘वर्गीकरण’ लिहितात. चालते का? अन् त्याच्या ‘रिलायबिलिटी’ला अचूकता म्हणू की विश्वासार्हता?

कळमनेवाला: ‘वर्गीकरण’ नको भाऊ. कळमन्याच्या बाजारात संत्र्याची प्रतवारी होते तेव्हा मोठं, मधलं, बारीक हे ढीग आधीच ठरलेले असतात. ते वर्गीकरण. क्लस्टरिंगमध्ये ढीग कोणते, हेच आधी ठाऊक नसते. ‘गटबांधणी’ लिहा. ‘पुंजीकरण’ही वाचलं आहे, पण ते बँकेचं काम वाटते.

काळी माती: ‘अचूकता’ तर अजिबात नको. त्यासाठी बरोबर उत्तर आधीच हाती असावं लागते, इथे तेच नसते. माझ्याकडे रोज माती तपासणीचे अहवाल येतात. सामू (pH) 7.8, सेंद्रिय कर्ब 0.5 टक्के, पालाश हेक्टरी 350 किलो. के-मीन्स ही रीत प्रत्येक नमुना जवळच्या केंद्राच्या गटात टाकते. हे आकडे तसेच तिला दिले की अंतर जवळपास सगळं पालाशचंच मोजलं जाते, सामू 6.5 असो की 8.5, विचारते कोण! पालाश क्विंटलमध्ये लिहा, 350 चे 3.5 होतात, अन् गट बदलून जातात. माती तीच बरं. म्हणून आधी सगळे रकाने एका मापावर आणायचे.

धरमपेठकर: ते केलं, ताई. तरी दर वेळी गट वेगळे येऊन राहिले.

काळी माती: के-मीन्स गटांची सुरुवातीची केंद्रं कशीही उचलतो, म्हणून. आर्थर आणि वासिल्वित्स्की यांची 2007 ची ‘के-मीन्स प्लस प्लस’ रीत वापरा. त्यात आधीच्या केंद्रांपासून लांबच्या बिंदूला पुढचं केंद्र होण्याची संधी जास्त मिळते. वाईट सुरुवात बऱ्याचदा टळते, नेहमी नाही. मग दर वेळी थोडे नमुने वगळून पुन्हा पुन्हा चालवा आणि कोणते दोन नमुने किती वेळा एकाच गटात पडले ते मोजा. जी जोडी निम्म्या वेळा फुटते, तिच्या गटावर खताची शिफारस बेतू नका. याला मी ‘स्थैर्य’ म्हणते.

कळमनेवाला: स्थैर्य म्हणजे विश्वासार्हता नव्हे, ताई. एकमेकींत अडकलेल्या दोन चंद्रकोरी काढून पाहा. के-मीन्स दोघींचेही तुकडे करतो, अन् दर वेळी तसेच करतो. स्थिर आहे, भरवशाचा आहे का? तिथे 1996 चा डीबीस्कॅन बरा, तो बिंदूंची दाटी पाहून गट करतो.

काळी माती: हे मान्य. मग मथळा ‘विश्वासार्हता’, अन् खाली ‘स्थैर्य’ वेगळं, ‘ग्राह्यता’, म्हणजे गट खरंच तसे आहेत का, ती वेगळी.

धरमपेठकर: आणि डीबीस्कॅन जे बिंदू कोणत्याच गटात घेत नाही, त्यांना? इंग्रजीत ‘नॉइज’ म्हणतात, पण ‘गोंगाट’ लिहावंसं वाटत नाही.

कळमनेवाला: ‘सुटे बिंदू’ लिहा. गोंगाट ध्वनीच्या धड्यात ठेवा.