शाळेच्या फाटकापासून ५० मीटर: कायद्याने पोरांचं खाणं सुधारेल?

खडूफळा:
अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे शाळेच्या कँटीनमध्ये आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, साखर, मीठ असलेलं खाणं विकायला बंदी आहे. आमच्याकडे मधल्या सुट्टीत पोरं गजांतून हात बाहेर काढून चिप्सच्या पुड्या घेतात! दंड ठोकल्याशिवाय हे थांबायचं नाही.

डबेवाली आई:
ठोकणार कुणाला? हातगाडीवरच्या मावशीला. तिच्याकडे निदान उकडलेल्या शेंगा, बोरं तरी असतात. पुड्यांच्या माळा लटकतात त्या किराणा दुकानात, साठाव्या मीटरवर. आणि घाईच्या दिवशी डब्यात नूडल्स आपणच भरतो की.

खडूफळा:
डब्यात सरकारने नाक खुपसू नये, कबूल. पण कँटीन शाळेचं आहे. तिथे वडा आणि थंड पेय एवढंच ठेवायचं आणि वर ‘मुलं ऐकत नाहीत’ म्हणायचं, हे कसं चालेल?

झेडपीचा मास्तर:
तुमचं भांडण शहरातलं. आमच्याकडे कँटीनच नाही, खिचडी आहे, आणि ती कायद्यानेच आली. आधी महिन्याला तीन किलो तांदूळ घरी जायचा. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये शिजवलेलं अन्न द्या म्हणून आदेश दिला. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ४५० उष्मांक, १२ ग्रॅम प्रथिनं लिहिली आहेत. कायदा नको म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या पंगतीला येऊन बसावं.

डबेवाली आई:
१२ ग्रॅम ताटात पडतात का पण, मास्तर?

झेडपीचा मास्तर:
डाळ घट्ट असेल त्या दिवशी. २०२३ च्या अखेरीस आठवड्याला एक अंडं सुरू झालं, न खाणाऱ्याला केळं. त्या दिवशी हजेरीला हाका माराव्या लागत नव्हत्या. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्याचे पैसे बंद केले, म्हणे लोकसहभागातून द्या. लोकसहभाग म्हणजे शेवटी मास्तरचा खिसा.

खडूफळा:
मग अंडंच कायद्यात लिहा. शासन निर्णय काय, एका सहीने येतो नि दुसऱ्या सहीने जातो.

डबेवाली आई:
लिहा की. अंड्याला विरोध करणाऱ्या संघटना तेव्हाही होत्या, कायद्याच्या वेळी काय गप्प बसणार आहेत? माझं म्हणणं साधं आहे: आधी अंड्याचे पैसे द्या, मग मावशीची गाडी ढकला.